मावशीचं खातं चालू आहे

माणूस गेला की त्याच्या दातांचा साचा फोडायचा, हा कवळीताईच्या धंद्यातला जुना नियम. दवाखान्यातून फोन येतो, "अमुक पेशंट गेले, त्यांचा साचा आता ठेवू नका." मग फळीवरून तो प्लास्टरचा जबडा उतरवायचा, टॉवेलात गुंडाळायचा, हातोडीचा एक घाव घालायचा आणि कचऱ्यात टाकायचा. यात दगडाचं काळीज वगैरे काही नाही. प्रश्न जागेचा आहे. तीन दंतवैद्यांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईचा गाळा तो केवढा, दहा बाय बारा. त्यात मेलेल्यांचे जबडे सांभाळत बसलं तर जिवंतांचे ठेवायचे कुठं?

तरीही मावशीचा साचा फळीवर तसाच होता. तिला जाऊन दहा महिने झाले होते. साच्याशेजारी काचेच्या पेल्यात, पाण्यात बुडवलेली तिची कवळीही होती. वरच्या रांगेत डावीकडे एक सोन्याचा दात. कवळीताईनं स्वतःच्या हातानं केलेलं ते पहिलं काम. "सोन्याचा एक बसव गं," मावशीनंच हट्ट धरला होता, "हसले की लोकांनी विचारलं पाहिजे, आणि मी सांगितलं पाहिजे की भाचीनं केलाय." शेवटच्या दिवशी रुग्णालयातल्या नर्सनं ती कवळी एका पिशवीत घालून कवळीताईच्या हातात दिली. नंतरच्या धावपळीत ती मावशीच्या तोंडात परत घालायची राहून गेली. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

आणि बँकेलाही एक गोष्ट सांगितली नव्हती. मावशी गेली, हीच.

या सगळ्याचं मूळ होतं धाकटा. कवळीताईचा हा भाऊ जन्मल्यापासून उद्या श्रीमंत होणार होता. सहा वर्षांपूर्वी त्यानं सामान पोचवायची व्हॅन कर्जानं घेतली आणि ताई जामीन राहिली. "जामीन राहणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाला आपला पाय बांधून घेणं," मावशी तेव्हा म्हणाली होती. "तो पडला की तू पडलीसच." पण भावाची माया आंधळी असते, आणि बहिणीची तर ठार आंधळी. चार हप्ते गेले. मग व्हॅन एका दिशेला गेली, धाकटा दुसऱ्या दिशेला गेला, आणि बँक सरळ गाळ्यात आली. ताईनं तीन वर्षं दात कोरून पै न् पै फेडली. पण फेडायला उशीर झाला तो झालाच. क्रेडिट स्कोअर पाचशे नव्वदवर येऊन बसला आणि तिथून हलेना. नातेवाईक विसरतात, सावकारही विसरतो, पण हा आकडा काही विसरत नाही.

मावशी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाली नाही. तिनं भाचीला बँकेत नेलं आणि स्वतःच्या क्रेडिट कार्डावर सहखातेदार म्हणून तिचं नाव घातलं. एकतीस वर्षांचं खातं होतं ते. एक हप्ता चुकला नव्हता, एक दिवस उशीर नव्हता. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मावशी काउंटरवर जाऊन रोख भरायची, स्लिपवर शिक्का घ्यायची आणि ती स्लिप बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला," बँकेतून बाहेर पडताना ती हसत म्हणाली. "आता माझा गुण तुला लागतो का बघू."

आणि लागला की. सहाशे बारा. सहाशे अठ्ठेचाळीस. मग मावशी गेली.

नेमकं त्याच वेळी गाळ्याच्या मालकानं विकायचं काढलं. सतरा वर्षांची भाडेकरू म्हणून पहिला मान कवळीताईचा, पण मुदत वर्षअखेरपर्यंत. त्यानंतर शेजारचा मोबाइलवाला भिंत पाडून आपलं दुकान वाढवायला टपलेलाच होता. गाळा गेला तर पॉलिशचं चाक, भट्टी, साच्यांच्या फळ्या हे सगळं घेऊन जायचं कुठं? तीन दंतवैद्य तिची वाट बघत थोडेच बसणार होते? बँक म्हणाली, स्कोअर साडेसातशे करा आणि कर्ज घ्या.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांना या विषयात फार कळायचं. अर्धी पेठ त्यांच्याकडे कर्जाचे कागद घेऊन यायची, त्यामुळे कागद वाचून वाचून काका पंडित झाले होते. "मावशीचं खातं बंद केलंत ना," त्यांनी यंत्राचं झाकण उघडता उघडता सांगितलं, "तर एकतीस वर्षांची पुण्याई गेली पाण्यात. जुनं खातं म्हणजे जुनं झाड. राहू द्या उभं. महिन्याला एखादी वस्तू घ्या कार्डावर, वेळेवर भरा, बस्स. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

कवळीताईला ते पटलं. खोटं कशाला बोला, तिला ते पटायलाच हवं होतं.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं. ती दर महिन्याला कार्डावर एखादं प्लास्टरचं पोतं घ्यायची आणि बिल भरायची. सातव्या महिन्याच्या बिलात एक जास्तीची ओळ होती. औषधांचं दुकान, लवंगेच्या गोळ्या, एक डबी. आपणच घेतली असेल, असं तिला वाटलं. पण ती लवंग तोंडात धरत नसे. लवंगेच्या गोळ्या मावशी चघळायची.

आठव्या महिन्यात ओळी तीन झाल्या. लवंगेच्या गोळ्या. मऊ पाव. करड्या लोकरीचा एक गुंडा. ती बिल घेऊन स्वयंपाकघरात गेली. कार्ड कुठं होतं? बिस्किटांच्या डब्यात. तिनं डबा काढला. कार्ड होतं जागच्या जागी. आणि त्याच्यावर, सगळ्या जुन्या स्लिपांच्या वर, एक नवी कोरी स्लिप होती. शिक्का कालच्या तारखेचा. पूर्ण रक्कम भरल्याचा. बिल भरायची शेवटची तारीख आज होती, आणि ती आज भरायला जाणार होती.

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग दोन घोट पाणी प्यायल्यावर तिला नेहमीचं उत्तर सापडलं. धाकटा! दुसरं कोण?

धाकटा त्या दिवसांत एका लाँड्रीत इस्त्रीला होता. कामाच्या गरम वाफेत त्यानं ताईचं सगळं ऐकून घेतलं आणि इस्त्री उभी केली.

"ताई, मी चोर आहे हे मला मान्य आहे," तो म्हणाला. "पण माझी काही इज्जत आहे की नाही? दुसऱ्याचं कार्ड हातात आलं तर मी पाव आणि लोकर घेईन? आणि वर बिल भरीन? अगं, आयुष्यात कुठलं बिल भरलंय मी?"

हा मुद्दा बिनतोड होता. ताईला हसूच आलं.

"मग मावशीच्या खोलीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?"

"तुझ्याकडेच." धाकट्यानं मान खाली घातली. शर्टाची कॉलर उगाचच पुन्हा पुन्हा सपाट करायला लागला. "एक सांगू? रागावू नकोस. मावशीचं घड्याळ मी जुन्या सामानाच्या दुकानात बघितलं. काचेत लावलंय. मला वाटलं तूच विकलंस. म्हटलं, असेल तुला नड, आपण कशाला विचारा."

तिनं ते विकलं नव्हतं. ती तशीच घरी आली आणि मावशीच्या खोलीचं कपाट उघडलं. मावशी गेल्यापासून तिला ते उघडवलं नव्हतं. हँगर ओळीनं लटकत होते, सगळे रिकामे. लोकरीचा कोट नाही, छत्री नाही, कानातली नाहीत, विणकामाच्या सुयांचा संच नाही. कपाट विस्कटलेलं नव्हतं. खालच्या फळीवरचा कागद पुसून घेतलेला होता. चोर कपाट पुसत नाही. घर सोडून जाणारं माणूस पुसतं.

जुन्या सामानाचा दुकानदार या पेठेत नवा होता. त्यानं मावशीला कधी पाहिलेलं नव्हतं. "हो, एक म्हाताऱ्या बाई आणून देतात," तो सहज म्हणाला. "गेल्या दोन महिन्यांत पाच वेळा आल्या, एकेक वस्तू घेऊन. घासाघीस नाही करत. लागतात तेवढेच पैसे घेतात, वर एक नाणंसुद्धा नाही. बिल भरायचंय म्हणतात."

"कशा दिसतात?"

"चांगल्या घरच्या वाटतात. पण बोलणं पटकन समजत नाही हो, तोंडात दात नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, कवळी भाचीकडे राहिलीय. ती कामात असते, देईल सवडीनं."

कवळीताई दुकानाबाहेर आली. भर दुपार होती, रस्त्यावर माणसं होती, उन्हात कुणी तरी भांडतही होतं. तिला मात्र थंडी वाजत होती. भीती वाटत होती हे खरं, पण भीतीच्याही खाली दुसरंच काही तरी होतं आणि ते जास्त बोचत होतं. मावशीनं आयुष्यात एक बिल चुकवलं नव्हतं. आता तिच्या नावावर दर महिन्याला बिल येत होतं, म्हणून दर महिन्याला तिला उठून यावं लागत होतं. भाचीनं खातं चालू ठेवलं होतं, आणि खात्याबरोबर खातेदारही.

मावशीला सोडवायचं तर काम दहा मिनिटांचं होतं. मृत्यूचा दाखला ताईच्या स्वतःच्या कपाटात होता. तो नेऊन काउंटरवर ठेवला की झालं. कवळीताईनं तो काढला, पर्समध्ये घातला आणि फोनवर स्कोअर बघितला. सातशे एकतीस. मुदत संपायला पाच आठवडे होते. म्हणजे अजून एक बिल, फक्त एकच. एवढी एकतीस वर्षं भरली, त्यात एक महिना काय जड आहे? झेरॉक्सवाल्या काकांचं वाक्य तिला आठवलं, पण ते तिनं मनातसुद्धा पुरतं म्हटलं नाही.

दाखला पर्समध्येच राहिला.

त्या महिन्यात तिनं कार्डावर काहीच घेतलं नाही. तरी पाव आणि लवंगेच्या गोळ्यांचं बिल आलंच, तशी त्याच दुपारी ती सगळी रक्कम भरायला स्वतः काउंटरवर गेली. मावशीला यावंच लागू नये, एवढीच तिची धडपड. काउंटरवरच्या बाईनं आकडा बघितला. "हे भरलंय की सकाळीच," ती म्हणाली. "दोनदा कशाला भरता?"

कवळीताई पळतच गाळ्यात आली. कपाटात विकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मग भरलं कशातून? फळीवरचा पेला जागेवर होता. पाणी ताजं, स्वच्छ होतं, आणि ते तिनं बदललेलं नव्हतं. कवळीही होती. वरच्या रांगेत डावीकडे मात्र खाच होती. सोन्याचा दात कुणी उपटला नव्हता. अलगद सोडवून घेतला होता, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, चाकावर पॉलिशसुद्धा केलं होतं. इतकं सफाईचं काम या भागात एकच माणूस करू शकत होतं, आणि त्यानं या कवळीला हातही लावला नव्हता. दुसरं एक माणूस जिवंतपणी सोळा वर्षं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, विणता विणता ते काम बघत आलं होतं.

ती खाली बसली आणि रडली. मोठ्यानं रडली. भिंतीपलीकडच्या मोबाइलवाल्यानं गाणं बंद केलं.

आठवड्याभरानं स्कोअर बदलला. सातशे अठ्ठेचाळीस.

बँकेतल्या कर्जवाल्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. "फक्त दोन गुण हो," त्या म्हणाल्या. "पण नियम म्हणजे नियम. एक वाट आहे. चांगला जामीनदार आणा, स्वच्छ इतिहास असलेला. मग मी वर शब्द टाकते."

जामीनदार! कवळीताईला तिथंच हसू फुटलं. तिला या जगात जामीन राहणारं कोण होतं? धाकटा? त्याला तर लाँड्रीवालासुद्धा इस्त्रीचे कपडे मोजून द्यायचा. ती घरी आली आणि मनाशी ठरवून टाकलं. झालं, संपलं. गाळा जाऊ दे. उद्या दाखला द्यायचा, खातं बंद करायचं, साचा फोडायचा. निदान एक काम तरी वेळेवर करायचं.

सकाळी ती दाराला कुलूप लावत होती तेव्हा फोन आला. मॅडमचा आवाज खुशीत होता. "या लवकर, सही करायला. कर्ज मंजूर झालं. तुमचे जामीनदार येऊन गेले की काल!"

बँकेत जाऊन ती मॅडमपुढच्या खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर, पर्समध्ये दाखला. मॅडमनी कागद पसरले. जामीनदाराच्या रकान्यात सही होती. सुटी सुटी अक्षरं, खाली सरळ रेघ, रेघेखाली दोन टिंबं. बिस्किटांच्या डब्यातल्या साडेतीनशेहून जास्त स्लिपांवर हीच सही होती.

"मावशी ना तुमच्या? फार गोड बाई," मॅडम म्हणाल्या. "बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. तोंडावर रुमाल धरून बोलत होत्या. मी सगळं समजावून सांगितलं त्यांना. पंधरा वर्षं आहेत, एकशे ऐंशी हप्ते. भाचीनं एक जरी चुकवला तर आम्ही तुमच्याकडे येणार, आणि कर्ज फिटेपर्यंत तुमची सुटका नाही. तर हसल्या. म्हणाल्या, पायाला पाय बांधूनच घेतलाय, आता काय!"

कवळीताईनं पर्स उघडली. दाखला चिमटीत धरला, अर्धा वर काढला. हा कागद टेबलावर ठेवला की मावशी सुटणार होती. ठेवला की गाळा जाणार होता. पलीकडं मॅडम पेनचं टोपण काढून वाट बघत होत्या.

"तो कसला कागद?" त्यांनी विचारलं.

कवळीताईच्या डोळ्यापुढं गाळा आला. भट्टी, चाक, फळ्या. कोपऱ्यातलं ते स्टूल.

"काही नाही," ती म्हणाली. "जुना आहे."

आणि तिनं सही केली.

गाळ्यात आल्यावर तिनं फळीवरून मावशीचा साचा उतरवला. हातोडी तिथंच, खिळ्याला टांगलेली होती. तिच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. साच्यावरची धूळ ब्रशानं झटकली, मेण तापवलं आणि कामाला बसली. खाच पडलेली कवळी दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. पंधरा वर्षं पुरायला हवी, म्हणजे नवीनच हवी. दोन दिवस तिनं दुसऱ्या कुणाचं काम हातात घेतलं नाही. हिरड्यांचा गुलाबी रंग मावशीच्या हिरड्यांना जुळेपर्यंत तीनदा बदलला. दात निवडून निवडून लावले. सगळे पांढरे. सोन्याचा एकही नाही, कारण सोनं असलं की ही विकणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं कवळी ताज्या पाण्यात ठेवली आणि कुलूप लावून घरी गेली. सकाळी पेला रिकामा होता, धुऊन पालथा घातलेला.

आता दर महिन्याला, शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, कवळीताई रोख रक्कम घेऊन काउंटरच्या रांगेत उभी राहते. फोनवरून भरता येतं, असं मॅडमनी दोनदा सांगितलं. ती ऐकत नाही. धाकट्यालाही आता तिनं ताकीद दिली आहे, माझ्यावर कसलंही संकट आणायचं नाही, निदान पंधरा वर्षं तरी.

पहिल्याच हप्त्याच्या दिवशी तिच्या मागं कुणी तरी येऊन उभं राहिलं. लवंगेचा वास आला. नव्या कवळीचे दात सुरुवातीला थोडे वाजतात, सवय व्हायला वेळ लागतो, तसा बारीक टकटक आवाज आला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पैसे मोजून दिले, स्लिपवर शिक्का मारून घेतला आणि दोन बोटांत धरून खांद्याच्या उंचीवर क्षणभर उभी धरली, मागच्या माणसाला तारीख नीट दिसेल अशी.

मागं कुणी तरी समाधानानं हुंकार दिला. कवळीताईनं स्लिप घडी करून पर्समध्ये, त्या जुन्या कागदाशेजारी ठेवली आणि बाजूला सरली. अजून एकशे एकोणऐंशी राहिले होते.